डिझेल सोडून विजेच्या गाडीकडे वळलेल्यांना काही प्रश्न

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे 2013 सालची डिझेलवर चालणारी छोटी गाडी आहे. तिने रस्त्यात कधी दगा दिला नाही. पण गेल्या दीड वर्षात आधी क्लच, मग इंजेक्टर आणि आता टर्बो अशी खर्चाची रांग लागली असून, आता हिच्यावर आणखी पैसे घालू नका, असे गॅरेजवाल्यानेच स्पष्ट सांगितले आहे. नवी गाडी घ्यायची हे ठरले. विजेची घ्यावी असा मुलीचा आग्रह आहे, सीएनजी घ्यावी असे भावाचे म्हणणे आहे आणि माझे मत दर आठवड्याला बदलते.

वापर असा आहे. आम्ही इंदिरानगरमध्ये 48 सदनिकांच्या सोसायटीत राहतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली माझी नोकरी आणि घरची कामे मिळून रोजचे फिरणे बेताचे आहे. परंतु सासूबाई ठाण्याला एकट्या असल्यामुळे महिन्यातून दोनदा तिकडे जावेच लागते. शिवाय गणपतीला गुहागरजवळच्या गावी जाणे आजवर चुकलेले नाही. सारे धरून महिन्याला सुमारे 1,200 किलोमीटर होतात.

शंका तीन आहेत. सोसायटीतली माझी पार्किंगची जागा मीटरच्या खोलीपासून बरीच लांब आहे आणि समितीतल्या दोघांना आगीची भीती वाटते, तेव्हा चार्जिंगची सोय कशी करावी? ठाण्याहून परतताना घाट चढायचा असतो, तिथे बॅटरी किती खाल्ली जाते? आणि गणपतीत, कोकणात सगळीकडे गर्दी असताना, विजेची गाडी घेऊन जाण्याचे धाडस करावे का? विक्रेत्यांच्या प्रतिनिधींनी या तिन्हींवर गोड हसून माहितीपत्रक हातात ठेवले. म्हणून ज्यांनी स्वतः पेट्रोल किंवा डिझेल सोडले आहे, त्यांनी आपला अनुभव, विशेषतः अडचणींचा, सविस्तर लिहावा ही विनंती.

घाटमाथा (पुणे)

मी 2021 मध्ये पेट्रोलची सेडान देऊन टाटाची विजेवर चालणारी नेक्सॉन ईव्ही घेतली, त्यामुळे घाटाविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल, आणि ते आकड्यांतच दिलेले बरे.

माझ्या गाडीची बॅटरी 30.2 किलोवॉट-तासांची आहे. एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट, म्हणून पुढे मी युनिटच लिहितो. कागदावर या गाडीचा पल्ला 312 किलोमीटर होता. प्रत्यक्षात शहरात ती 220 च्या आसपास चालते आणि द्रुतगती मार्गावर ताशी 100 च्या वेगाने नेली तर 190 पर्यंत येते. कागदावरच्या आकड्याचा दोन-तृतीयांश भाग खरा धरावा, हा नियम आमच्या ओळखीतल्या बहुतेकांच्या गाड्यांना लागू पडला आहे.

आता घाट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे आणि ठाणे जवळजवळ समुद्रसपाटीला. माणसे आणि सामान धरून 1,700 किलोची गाडी 600 मीटर वर न्यायची तर 1,700 गुणिले 9.8 गुणिले 600 म्हणजे सुमारे एक कोटी जूल ऊर्जा लागते. एका युनिटात 36 लाख जूल असतात, तेव्हा हा चढ पावणेतीन युनिटांचा झाला. मोटर आणि बॅटरीतली गळती धरून सव्वातीन म्हणा. तेवढ्या विजेत गाडी सपाट रस्त्यावर 20 किलोमीटर जाते. घाटाची दहशत एवढ्याच किमतीची आहे. उतरताना तर यातला बराचसा भाग, साधारण दोन-तृतीयांश, बॅटरीत परत जमा होतो, कारण उतारावर मोटर जनित्रासारखी चालते आणि गाडीला रोखूनही धरते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना बॅटरीची टक्केवारी वाढताना पाहणे हा पेट्रोलवाल्याला कधी न मिळणारा आनंद आहे, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.

घाटापेक्षा वेग अधिक खातो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 80 वरून 120 वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून तुम्ही बहुधा कसाऱ्याऐवजी त्याच मार्गाने जात असाल. सुमारे पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून गेल्याने वळणे टळतात, परंतु चढ तेवढाच चढावा लागतो, आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून पाय 120 वर गेला की घाटात वाचलेले सारे वाऱ्याला जाते. ताशी 90 ते 95 चा वेग धरा. नाशिक-ठाणे सुमारे 150 किलोमीटर धरले तर जाताना 22 आणि येताना 27 युनिटे लागतील. म्हणजे माझ्यासारख्या 30 युनिटांच्या गाडीने परतताना शेवटचे तीस किलोमीटर जीव मुठीत धरून काढावे लागतील, तर 40 ते 45 युनिटांच्या गाडीला हाच प्रवास किरकोळ वाटेल. तुमच्या वापराला 40 च्या खालची बॅटरी मी सुचवणार नाही. सासूबाईंच्या घराजवळ रात्रभर साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटची सोय झाली तर मग वाटेत थांबायचे कारणच उरत नाही.

खर्चाचे सांगतो. महिन्याला 1,200 किलोमीटर, दर युनिटाला 7 किलोमीटर आणि चार्जिंगमधली तूट धरून सुमारे 190 युनिटे होतात. घरच्या दराने ती दोन ते पावणेतीन हजार रुपयांत बसतात. तुमचे डिझेल, लिटरला 15 किलोमीटर आणि 90 रुपये धरले तर, 7,200 रुपयांचे होते. यात एक मेख आहे. घरगुती वीजदर स्लॅबने चढतो. घरात आधीच 200 युनिटे जळत असतील तर गाडीची भर पडून तुम्ही 300 ची पायरी ओलांडता आणि वरची युनिटे महाग पडतात. स्वतंत्र मीटर घेतल्यास तो कोणत्या वर्गात येईल, हे महावितरणच्या उपविभाग कार्यालयातून आधीच लेखी घ्यावे.

टोलचाही विचार करा. राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्हींवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. अटल सेतूवर ती ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झाली. नाक्यावरून पुढे गेल्यावर फास्टॅगचा संदेश मात्र वाचत जावा.

एक अडचण अशी की जी कोणी आधी सांगत नाही. विजेच्या गाडीतही 12 व्होल्टची साधी शिसे-आम्लाची बॅटरी असते. दिवे, कुलूप आणि गाडीचा संगणक तिच्यावर चालतात. ती मेली की मोठी बॅटरी शंभर टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. माझी एका सकाळी अशीच निपचित पडली, तेव्हा शेजाऱ्यांच्या पेट्रोल गाडीला केबल जोडून तिला उठवावे लागले, आणि शेजाऱ्यांनी तो प्रसंग अख्ख्या सोसायटीला रंगवून सांगितला.

वाशिष्ठी (चिपळूण)

गुहागरचा प्रश्न आमच्या अंगणातला आहे, म्हणून लिहितो. माझी आधीची पेट्रोल गाडी 22 जुलै 2021 च्या पुरात गेली. विम्याचे पैसे आले, वर्षभर दुचाकीवर काढले आणि मग विजेची गाडी घेतली, तेव्हा नातेवाइकांनी वेड्यात काढले की पुराच्या गावात बॅटरीवरची गाडी कोण घेतो. बहुतेक गाड्यांच्या बॅटरीला आयपी 67 दर्जा असतो, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी शिरू नये. पण 2021 चे पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागले होते, आणि अशा पुरापुढे पेट्रोल काय आणि वीज काय, दोन्ही सारखीच. पाऊस वाढला की गाडी उंचावर नेऊन लावणे एवढाच उपाय आहे. विमा घेताना बॅटरीसाठी वेगळे संरक्षण आहे का आणि त्यात पुराचे पाणी धरले आहे का, ही दोन वाक्ये पॉलिसीत बोट ठेवून वाचावीत.

खरी मेख अर्थिंगची आहे. गावच्या घरात 15 अँपिअरचा सॉकेट असतो, त्यावर पाण्याचा पंप आणि गीझरही चालतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. गाडीबरोबर येणारा चार्जर मात्र वीज घेण्याआधी अर्थिंग तपासतो आणि ते मिळाले नाही की लाल दिवा लावून बसतो. आमच्याकडे जांभ्याचा कातळ. त्यात जुन्या काळी कोणी दोन फूट सळई ठोकून ‘अर्थिंग केले’ म्हणून सांगितलेले असते. पावसाळ्यात जमीन ओली असेपर्यंत ते कसेबसे चालते आणि मार्च उजाडला की निकामी होते. गावच्या वायरमनला गणपतीच्या आधीच बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून बघायला सांगा. बल्ब मंद पेटला तर नवा खड्डा घ्यावा लागेल: खोल खणून तांब्याची पट्टी, भोवती मीठ आणि कोळसा, वर पाणी ओतायला पाइप. माझ्या घरी हे काम दोन दिवसांचे झाले, पण त्यानंतर चार्जरने कधी तक्रार केली नाही. गाडी घेण्याआधी हे करा, घेतल्यानंतर नव्हे.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. गणपतीत सगळे चाकरमानी आले की वाडीतल्या एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) प्रत्येक घराचे पंखे, फ्रिज, मिक्सर आणि रोषणाई एकाच वेळी येते आणि संध्याकाळी दाब 180 व्होल्टपर्यंत उतरतो. चार्जर तेव्हा बंद पडतो. आरत्या आणि भजन आटोपून गावात निजानीज झाली की, अकरानंतर, दाब सुधारतो. तेव्हा लावा आणि सकाळपर्यंत राहू द्या. रात्री वीज गेलीच तर परत आल्यावर बहुतेक चार्जर आपोआप सुरू होतात, तुमचा होतो का ते घरीच मेन स्विच बंद-चालू करून पाहून ठेवा.

प्रवासात माणगाव, महाड आणि चिपळूण हे तुमचे टप्पे. नाशिकहून गुहागर चारशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे दोन थांबे धरून चला, आणि एकही चार्जर रिकामा मिळणार नाही असे समजून बॅटरी 30 टक्क्यांवर असतानाच पुढचा शोधा. माणगावच्या कोंडीत तासन्‌तास अडकण्याची भीती बाळगू नका. उभ्या गाडीत एसीला तासाला एखादे युनिट लागते; कोंडीत पेट्रोल गाडी जेवढी जळते तेवढी ही जळत नाही. त्या गर्दीत काच बंद करून थंड हवेत बसलेल्या आम्हा घरच्यांकडे शेजारच्या गाडीतले लोक जरा हेव्याने बघत होते.

खाऱ्या हवेचा एक तोटा आहे. उताराला आणि वेग कमी करताना मोटरच गाडी रोखते, त्यामुळे ब्रेक फारसे लागत नाहीत आणि मागच्या चाकांच्या डिस्कवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून डिस्क घासून काढावी.

स्वतःचे घर असल्यास छतावर सौर पॅनेल टाकण्याचा विचार करावा. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि एका किलोवॉटमागे चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटे मिळतात. कोकणात जून ते सप्टेंबर ही गणिते निम्म्यावर येतात, तरी नेट मीटरिंगमुळे, म्हणजे जादा वीज महावितरणला देऊन ती पुढच्या बिलांत वळती करून घेण्याच्या सोयीमुळे, उन्हाळ्यातली शिल्लक उपयोगी पडते.

पिवळी अक्षरे (पिंपरी-चिंचवड)

वरच्या दोन्ही प्रतिसादकांच्या घरी रात्री गाडी लावायला जागा आणि जवळ वीज आहे, हे आपण विसरू नये. माझ्याकडे ती नव्हती. मी प्रवासी वाहतूक करतो. आधी सीएनजी सेडान होती, आता हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे आहेत, म्हणजे भाड्याने चालणारी विजेची गाडी.

पहिले काही महिने मी पूर्णपणे सार्वजनिक चार्जरवर होतो. जलद चार्जरवर युनिटामागे जीएसटी धरून 20 ते 25 रुपये जात होते. 22 रुपये आणि युनिटाला साडेसहा किलोमीटर धरा, किलोमीटरला 3 रुपये 40 पैसे झाले. सीएनजी किलोला 90 आणि सरासरी 24 किलोमीटर धरली तर पावणेचार रुपये. म्हणजे गाडीच्या जादा हप्त्याच्या बदल्यात माझ्या हाती किलोमीटरमागे पस्तीस पैसे येत होते आणि वर वाट पाहण्याचा वेळ जात होता. डिझेलवरून येणाऱ्याला ही गाडी स्वस्त वाटते. सीएनजीवरून येणाऱ्याला ती घरच्या विजेवरच स्वस्त आहे. म्हणून तुमच्या भावाचे म्हणणे उडवून लावू नका. अर्थात सीएनजीच्याही रांगा मी काढल्या आहेत, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईत गॅसवाहिनीला इजा होऊन पुरवठा विस्कळीत झाला तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाल्यांचे काय हाल झाले तेही पाहिले.

सार्वजनिक चार्जरवरची गंमत अशी की पाटीवर 60 किलोवॉट लिहिलेले असते, पण त्याच चार्जरच्या दुसऱ्या गनला, म्हणजे केबलला, गाडी लागली की दोघांना तीस-तीस मिळतात. एका ठिकाणी अॅपवर चार्जर ‘उपलब्ध’ दिसत होता आणि तिथे पोचलो तर त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. कंपनीच्या मदत क्रमांकावरची मुलगी मला तो चालू असल्याचे सांगत होती आणि मी तिला पिशवीचा रंग सांगत होतो. 80 टक्क्यांनंतर गाडी स्वतःच वीज कमी ओढते, म्हणून उरलेल्या 20 टक्क्यांसाठी थांबणे म्हणजे मागच्या माणसाचा आणि स्वतःचा वेळ घालवणे. हे जे पाळत नाहीत त्यांच्याशी माझी दोनदा बाचाबाची झाली आहे.

नंतर एका ट्रकच्या वाहनतळाच्या मालकाशी बोलणी करून रात्रीची जागा आणि संथ चार्जिंग ठरवले. तिथून माझा हिशेब सुटला. गाडी बारा-चौदा तास चालवणाऱ्याला फायदा वेगळा आहे: क्लच नाही, गिअर नाही, थरथर नाही. रात्री डावा गुडघा चोळत बसायचो ते बंद झाले.

चालवण्यातली सवय बदलावी लागते. प्रवेगाच्या पेडलवरचा पाय उचलला की गाडी आपोआप आवरते, आणि हे आवरणे वरच्या पातळीवर ठेवले तर मागे बसलेल्या माणसाला घाटात मळमळते. प्रवासी असताना मी ते सर्वांत खालच्या पातळीवर ठेवतो. सासूबाईंना आणायला जाल तेव्हा लक्षात असू द्या.

सोसायटी सचिव (पुणे)

सोसायटीच्या प्रश्नावर लिहितो, कारण आमच्याकडे यावर तीन सर्वसाधारण सभा गाजल्या.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या सध्याच्या जोडणीवरून स्वतःचे वाहन चार्ज करायला मुभा आहे. तेव्हा ‘परवानगीच नाही’ हे समितीचे म्हणणे टिकणारे नाही. पण समितीशी भांडून वायर ओढण्यापेक्षा अर्जात तपशील द्यावा: चार्जरची क्षमता, केबलचा मार्ग, एमसीबी (भार वाढल्यास वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीजगळती झाल्यास तोडणारा स्विच) कोणते, काम परवानाधारक ठेकेदाराकडून होईल आणि खर्च सभासदाचा असेल. आमच्याकडे आगीच्या भीतीने विरोध करणारे सभासद हा कागद पाहून निम्मे शांत झाले. उरलेल्यांसाठी आम्ही चार्जिंगच्या जागांजवळ धूरशोधक बसवले आणि आपत्कालीन स्विच तळघराच्या बाहेर, रखवालदाराच्या हाताशी ठेवला. एक्स्टेन्शन बोर्डावरून गाडी चार्ज करायला मात्र ठरावानेच बंदी घातली. भीती बाळगायचीच तर त्या बोर्डाची बाळगावी.

अडचण खरी असते ती एकूण भाराची. 48 सभासदांनी 7.2 किलोवॉटचे चार्जर लावले आणि सगळे रात्री दहाला सुरू झाले तर सुमारे 345 किलोवॉटची मागणी होईल, आणि सोसायटीचे रोहित्र 200 केव्हीएचे असेल तर ते बंद पडेल. 3.3 किलोवॉटचे लावले तर हाच आकडा 158 वर येतो, तोही सर्वांनी एकदम लावले तरच. आपले दिवसाचे सरासरी 40 किलोमीटर म्हणजे सहा युनिटे, 3.3 च्या चार्जरला ती दोन तासांत मिळतात आणि रात्रभरात 25 च्या वर युनिटे भरली जातात. मोठा चार्जर लावण्याची हौस कशासाठी, हा प्रश्न मी प्रत्येक अर्जदाराला विचारतो. आधी आपल्या सदनिकेचा मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर पाहा. वाढवायचा असल्यास महावितरणकडे अर्ज करून पैसे भरावे लागतात, आणि हे काम गाडी दारात येण्याच्या आधी उरकले पाहिजे.

हिशेबवही (सांगली)

एक विरुद्ध मत नोंदवतो. मी सर्व आकडे मांडून शेवटी पेट्रोलचीच गाडी घेतली. माझे फिरणे महिन्याला 400 किलोमीटर. त्याला पेट्रोल 2,800 रुपयांचे लागते आणि वीज 800 रुपयांची लागली असती. वर्षाला 24,000 वाचले असते. दोन गाड्यांच्या छापील किमतींत मला तीन लाखांवर फरक दिसत होता. राज्यात ईव्हीला वाहनकर माफ आहे आणि 12 लाखांच्या पेट्रोल गाडीवर 12 टक्के म्हणजे 1.44 लाख रुपये कर भरावा लागतो, हे धरूनही फरक भरून निघायला सात वर्षे लागली असती, आणि तोवर गाडी विकायला काढली तर भाव काय येईल हे आज बाजारात कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. महिन्याला 1,200 किलोमीटर फिरणाऱ्या गोदाकाठ यांचा हिशेब वेगळा आहे हे मान्य; त्यांना विजेचीच परवडेल. पण हल्ली प्रत्येकाला ती घ्यायला सांगण्याची जी टूम निघाली आहे तिला माझा विरोध आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. गावच्या वायरमनला आजच फोन केला; त्याने ‘अर्थिंग आहे की’ असे ठणकावून सांगितले, म्हणजे बल्ब लावून पाहायलाच हवे. सोसायटीला सविस्तर अर्ज देत आहे आणि 3.3 किलोवॉटवरच समाधान मानायचे ठरवले आहे. दोन गोष्टी अजून विचारतो. आठ वर्षांनी बॅटरीचे काय, यावर कोणी फारसे लिहिले नाही. आणि मीटरच्या खोलीपासून माझ्या जागेपर्यंत केबलचे अंतर 70 मीटर भरते, ते चालेल का?

घाटमाथा

बॅटरीला बहुतेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांतले जे आधी होईल तोवर, हमी देतात. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर ती लागू होते, हे छापील अटींत शोधा. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. माझ्या गाडीची क्षमता अजून नव्वद टक्क्यांच्या वर आहे. रसायन कोणते आहे तेही विचारा. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर अधूनमधून शंभर टक्के भरणे इष्ट असते, कारण या प्रकारात विसर्ग होताना व्होल्टेज जवळजवळ एकसारखेच राहते आणि पूर्ण भरल्याशिवाय गाडीच्या संगणकाला शिलकीचा नेमका अंदाज येत नाही. निकेलवाली असेल तर रोज 80 टक्क्यांवर थांबवावी. उन्हात उभी केलेली गाडी पूर्ण भरून दिवसचे दिवस तशीच ठेवणे दोन्हींना अपायकारक.

बॅटरी हा प्रचंड खर्च आहे खरा, पण तुमच्या डिझेल गाडीने दीड वर्षात क्लच, इंजेक्टर आणि टर्बोवर जे नेले त्यातले एकही अवयव या गाडीत नाहीत. टायर मात्र लवकर झिजतात, कारण गाडी जड असते आणि निघताना जोर एकदम चाकांवर येतो.

सोसायटी सचिव

70 मीटर चालतील, केबल पुरेशी जाड हवी. 16 अँपिअरला 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घातली तर जाता-येता 140 मीटरमध्ये सोळा-सतरा व्होल्ट वाटेतच जातात आणि केबल रात्रभर कोमट राहते. 6 चौरस मिलिमीटरची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल घ्या, मग सात व्होल्टच्या आत भागते. पुढेमागे 7.2 किलोवॉटचा चार्जर लावण्याची थोडीही शक्यता वाटत असेल तर आत्ताच 10 ची टाका, कारण फरशी फोडून नळी पुरण्याची मजुरी केबलइतकीच येते आणि समिती ती फरशी दुसऱ्यांदा फोडू देणार नाही. मीटरच्या खोलीतल्या फळीवर आपल्या केबलला सदनिका क्रमांकाची पट्टी लावून घ्या. आमच्याकडे एका इलेक्ट्रिशियनने चुकीची केबल काढून एका सभासदाची गाडी रात्रभर उपाशी ठेवली होती.